बोलण्यातून वाचनाकडे: मुलाची तयारी घरी कशी करावी

घडाघडा वाचणाऱ्या मुलाला "काय वाचलंस?" विचारलं की ते गप्प होतं. तिसरी-चौथीत धडे लांबतात, अनोळखी शब्द वाढतात, तेव्हा हे उघड होतं. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचन हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं. एक शून्य, तर उत्तरही शून्य. समज मात्र पाटी हातात येण्याच्या कितीतरी आधी, गप्पांमधून घडायला लागते.

१. बाळाने हुंकार दिला, बोट दाखवलं, की उत्तर द्या आणि मग थांबा. त्याची पाळी त्याला मिळू द्या. नुसते शब्द कानावर पडून भागत नाही, म्हणून दिवसभर चालू असलेला टीव्ही इथे कामाचा नाही.

२. त्याचं वाक्य वाढवून परत द्या. "गाडी!" म्हणालं, तर "हो, लाल गाडी. कुठे निघाली असेल?" "आई आला" म्हणालं, तर टोकू नका, "हो, आई आली!" एवढं पुरे.

३. रोज गोष्ट वाचा, पण एकट्याने बोलू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथेच. चित्रापाशी थांबून विचारा: "हा का रडतोय? आता काय होईल?" हो-नाहीत संपणारे प्रश्न टाळा. व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असं वाचायला शिकवलं. महिनाभरातच ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर खुशाल वाचा. नवा शब्द एकदा ऐकून मुरत नाही. शिवाय रोजच्या बोलण्यात न येणारे 'घनदाट', 'हताश' असे शब्द गोष्टीतच भेटतात.

४. चार वर्षांच्या आसपास आवाजांचे खेळ सुरू करा. 'वारा'सारखा शब्द कोणता? 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल? कागद-पेन्सिल नको. शब्द आवाजांत सुटा करता येतो हे कानाला कळलं की अक्षरओळख सोपी जाते.

५. तुम्हाला सहज येते त्याच भाषेत बोला, शाळेची भाषा वेगळी असली तरी. एका भाषेत पक्की झालेली समज दुसरी शिकताना उपयोगी पडते.

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणून थांबू नका. बरीच मुलं पुढे बरोबरी गाठतात, तरी आधी कान तपासून घ्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा.