माजी जोडीदाराची धमकी आणि अमेरिकेतले वास्तव्य : या चुका टाळा

‘मी एक फोन केला, की तू दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानात असशील.’ अमेरिकेत मोडणाऱ्या मराठी संसारांत हे वाक्य नवऱ्याच्या तोंडी येते, तसे बायकोच्याही तोंडी येते. फोन करता येतो, हे खरे आहे. आयसीई या स्थलांतर कायद्याच्या अंमलबजावणी खात्याची तक्रारींसाठी दूरध्वनी सेवा आहे, यूएससीआयएस या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर गैरप्रकार कळवण्याचा अर्ज आहे, आणि तो कोणालाही भरता येतो. परंतु तक्रारीची नोंद होणे आणि तुमचा कायदेशीर दर्जा जाणे यांत पुष्कळ अंतर असते. ते अंतर तक्रारदाराला सहसा कापता येत नाही. घाबरलेला माणूसच चुकीची पावले टाकून ते कापतो.

आपला दर्जा कोणाच्या आधारावर उभा आहे, हे न पाहणे

पहिली चूक म्हणजे सर्वांना सारखाच धोका आहे असे समजणे. तुम्ही स्वतः एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल, तर तो अर्ज तुमच्या कंपनीने केलेला असतो. माजी पती किंवा पत्नी त्यात पक्षकार नसते आणि ती व्यक्ती तो मागे घेऊ शकत नाही. तिने कंपनीच्या एचआरला ईमेल पाठवून बदनामी केली, तर खरा धोका नोकरीला असतो, आणि नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांची मुदत मिळते. नोकरीच्या मार्गाने मिळालेले कायम ग्रीनकार्ड हातात असेल, तर माजी जोडीदाराच्या निव्वळ शब्दाने ते जात नाही.

एच-४वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिचा दर्जा लग्नाला टांगलेला असतो. वेगळे राहू लागल्यामुळे तो संपत नाही. घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा निघाला की संपतो. येथे होणारी चूक अशी, की मंडळी आधी घटस्फोटाचे प्रकरण उरकतात आणि मग व्हिसाचे पाहू म्हणतात. एच-४ संपल्यावर एच-१बीसारखी ६० दिवसांची सवलत नसते. त्यामुळे विद्यार्थ्याचा एफ-१ घ्यायचा असो वा काही काळासाठी पर्यटकाचा बी-२, दर्जा बदलण्याचा अर्ज हुकूमनामा निघण्याच्या आत, एच-४ चालू असतानाच खात्याकडे पोहोचला पाहिजे. जिने पूर्वी स्वतः एच-१बीवर काम केले आहे आणि जिची त्या व्हिसाची कमाल सहा वर्षे पुरी झालेली नाहीत, तिला बहुधा पुन्हा एच-१बीच्या लॉटरीत उतरावे लागत नाही, कारण एच-४वर घालवलेली वर्षे त्या सहांत धरली जात नाहीत. ही एवढी माहिती वेळेवर नसल्यामुळे चांगल्या शिकलेल्या मुली हातची संधी घालवून बसतात.

नवऱ्याच्या नोकरीवर आधारलेला ग्रीनकार्डाचा अर्ज प्रलंबित असताना घटस्फोट झाला, तर त्या रांगेतली तुमची जागाही जाते. भारतीयांसाठी ही रांग वर्षानुवर्षांची असल्यामुळे हे नुकसान मोठे असते, आणि ते कोणी सूड न उगवताही होते. घटस्फोटाच्या तारखेविषयी आपल्या वकिलाशी बोलताना हा मुद्दा आधी मांडावा.

सही मिळत नाही म्हणून हातपाय गाळणे

अमेरिकी नागरिकाशी लग्न करून दोन वर्षांच्या आत ग्रीनकार्ड मिळाले, तर ते सशर्त असते आणि दोनच वर्षे चालते. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. ‘मी सही करणार नाही, मग बघ’ ही धमकी नेमकी येथे येते आणि पुष्कळ जण ती शेवटची मानतात. प्रत्यक्षात संयुक्त अर्जाची अट माफ करून घेण्याची सोय त्याच अर्जात आहे : लग्न प्रामाणिकपणे केले होते पण घटस्फोट झाला, किंवा छळ झाला, किंवा परत जाण्याने अतोनात हाल होतील, अशी कारणे दाखवता येतात. हा एकट्याचा अर्ज ९० दिवसांच्या त्या चौकटीत बांधलेला नसतो.

अशा अर्जात पुराव्याचा दर्जा महत्त्वाचा असतो. केळवणाचे आणि साखरपुड्याचे फोटो, लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती ही सगळी जरूर जोडावीत, पण खरे वजन एकत्र राहिल्याच्या कागदांना असते : दोघांच्या नावाचा घरभाडे करार, एकत्रित कर विवरणपत्र, संयुक्त बँक खाते, एकमेकांना वारस ठरवणारी विमा पॉलिसी. घर सोडताना दागिने घेण्याची घाई होते आणि हे कागद मागे राहतात. त्यांच्या प्रती आधीच अशा ईमेल खात्यात ठेवाव्यात, ज्याचा पासवर्ड जोडीदाराला ठाऊक नाही.

तडजोडीच्या मसुद्यात ‘हे लग्न केवळ कागदोपत्री होते’ अशा अर्थाचे वाक्य घालून, त्यावर सही केली तर लवकर मोकळे करतो, असे सांगितले जाते. सुटकेच्या ओढीने ती सही करू नये. स्थलांतराचा लाभ मिळवण्यासाठी खोटे लग्न केले असा निष्कर्ष खात्याने एकदा काढला, की पुढे कोणी दुसऱ्याने, अगदी नव्या जोडीदाराने किंवा कंपनीने, तुमच्यासाठी केलेला कायम वास्तव्याचा अर्जही मंजूर होऊ शकत नाही, आणि ही बंदी कालांतराने उठत नाही. नुसत्या तोंडी आरोपावर असा निष्कर्ष टिकणे कठीण असते. तुमच्याच सहीचा कागद मात्र आरोपाला पाय देतो.

छळाच्या कायद्यांची गल्लत

१९९४ च्या व्हावा (महिलांवरील हिंसाचारविरोधी) कायद्याखाली छळ सोसणाऱ्या जोडीदाराला स्वतःच स्वतःसाठी अर्ज करता येतो, आणि नावात महिला असल्या तरी तो पुरुषांनाही लागू आहे. मात्र छळ करणारी व्यक्ती अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावी लागते. नवरा एच-१बीवर असेल तर हा मार्ग बंद असतो, आणि मराठी घरांत नेमकी हीच परिस्थिती जास्त आढळते. अशा पत्नीला उपयोगी पडतील अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे छळ झालेल्या एच-४ जोडीदारासाठीचा काम करण्याचा परवाना, ज्याचा अर्ज आय-७६५व्ही आहे. दुसरा म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा यू व्हिसा. त्यासाठी पोलिसांना किंवा सरकारी वकिलांना सहकार्य केल्याचे त्यांचे प्रमाणपत्र लागते, आणि वर्षाला १०,००० मुख्य अर्जदारांचीच मर्यादा असल्यामुळे वाट फार पाहावी लागते.

धमकीच्या संदर्भात सर्वांत मोलाची तरतूद १९९६ च्या कायद्यातली आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवरच केवळ विसंबून छळ झालेल्या व्यक्तीविरुद्ध निर्णय घ्यायला स्थलांतर अधिकाऱ्यांना मनाई आहे. म्हणून छळाची नोंद, डॉक्टरांचे कागद, शेजाऱ्यांची निवेदने, धमकीचे संदेश वेळीच जपून ठेवणे हा बचावाचा पाया ठरतो. ‘घरातले बाहेर नको’ हा आपल्याकडचा संस्कार येथे फार महाग पडतो. न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी, न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून सखी आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियात १९९१ पासून मैत्री या दक्षिण आशियाई संस्था छळ झालेल्यांना मदत करतात, आणि तेथे बोललेले मंडळाच्या गणेशोत्सवात पोहोचत नाही.

न्यायालयाचा मनाई आदेश हलक्यात घेणे

माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे आणि ती बहुधा पुरुषांच्या हातून घडते. माजी पत्नीने रिस्ट्रेनिंग ऑर्डर मिळवली, की नवऱ्याला ती घरगुती रुसव्याची पुढची पायरी वाटते. मुलाच्या वाढदिवसाला तो एखादा संदेश पाठवतो, किंवा पुण्याहून मामांना फोन करायला सांगून ‘तिला जरा समजवा’ असा निरोप धाडतो. आदेशात संपर्काला बंदी असेल, तर दुसऱ्याच्या मार्फत केलेला संपर्कही त्यात बसू शकतो. हिंसा, धमकी किंवा वारंवार होणारा छळ यांपासून संरक्षण देणारा आदेशाचा भाग मोडला असे न्यायालयाने ठरवले, तर स्थलांतर कायद्याखाली ते देशाबाहेर काढण्याचे कारण ठरते, आणि त्यासाठी फौजदारी शिक्षा झालेली असणेही आवश्यक नसते. ग्रीनकार्डधारकही यातून सुटत नाही. आदेश अन्यायाचा वाटत असेल तर तो सुनावणीत लढवावा, आणि तोपर्यंत अक्षरशः पाळावा.

घरगुती हिंसेच्या आरोपाखाली अटक झाली असेल, तर पासपोर्टवरचा व्हिसा परराष्ट्र खाते खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच रद्द करू शकते. व्हिसा हा देशात येण्याचा परवाना आहे आणि आत राहण्याचा हक्क प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आय-९४ या नोंदीवरून ठरतो, त्यामुळे व्हिसा रद्द झाल्याचे पत्र आले म्हणून लगेच सामान बांधण्याचे कारण नसते. परंतु अशा वेळी आईवडिलांना भेटायला भारतात गेले, तर परतताना नव्या व्हिसाची मुलाखत अडते. फौजदारी वकिलाने सुचवलेली ‘किरकोळ गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय संपला’ ही तडजोड नागरिकासाठी किरकोळ असेल, तुमच्यासाठी ती हद्दपारी ठरू शकते. कबुलीचे असे परिणाम वकिलाने अशिलाला सांगितलेच पाहिजेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पडिला खटल्यात २०१० मध्ये दिला आहे. तुम्हीही ते स्पष्ट शब्दांत विचारावे. पुढच्या अर्जात अटकेविषयी विचारले, तर नोंद पुसली गेली असली तरी खरे लिहावे. लपवलेली अटक हाच तक्रारदाराच्या हातातला खरा पुरावा होतो.

भारतातल्या खटल्याकडे पाठ फिरवणे

ठाण्यात किंवा नाशिकमध्ये गुन्हा नोंदवला गेला आणि आपण ह्यूस्टनमध्ये आहोत, म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे आहे. पतीने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाविषयीचे पूर्वीचे कलम ४९८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. तरीही भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेशकुमार प्रकरणातील २०१४ च्या निकालानंतर अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करायची नसते. समन्सला उत्तरच न देणाऱ्याचे मात्र पुढे वॉरंट निघते, लुकआउट सर्क्युलर (विमानतळावर अडवण्याची सूचना) निघू शकते, आणि १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १० खाली पासपोर्ट जप्त होऊ शकतो. पासपोर्ट गेला की अमेरिकेतली प्रत्येक मुदतवाढ अडखळते. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोध घ्यावा आणि भारतातल्या वकिलामार्फत अटकपूर्व जामिनाची तयारी ठेवावी. येथे एक गोष्ट नमूद करतो : प्रत्येक तक्रार सुडाची नसते, आणि ज्याने खरोखर हात उचलला आहे त्याच्या उपयोगाचे या लेखात फारसे काही नाही.

दुसरे लग्न करणाऱ्यांनी आणखी एक कागद तपासावा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. हिंदू विवाह कायदा रूढीने मिळणारा घटस्फोट मान्य करतो, पण ती रूढी त्या समाजात चालत आली आहे हे सिद्ध करावे लागते. अशा कागदावर दुसरे लग्न करून नव्या जोडीदारासाठी अर्ज केला, तर ‘पहिले लग्न अजून कायम आहे’ हे माजी जोडीदाराचे एक पत्र खरोखर भारी पडते, कारण ते खरे असते. कुटुंब न्यायालयाचा हुकूमनामा आधी घ्यावा.

रागाच्या भरात केलेली उलट कारवाई

‘तू माझी तक्रार केलीस तर मी तुझी करतो’ असा संदेश पाठवून पैसे किंवा मुलांचा ताबा मागू नये. कॅलिफोर्नियात एखाद्याच्या स्थलांतर दर्जाची तक्रार करण्याची धमकी देऊन पैसे उकळणे हे कायद्याने खंडणीतच मोडते. तीच धमकी तुम्हाला आली असेल, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. फोन मात्र गुपचूप रेकॉर्ड करू नका, निदान राज्याचा कायदा पाहिल्याशिवाय नको : न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये संभाषणातल्या एकाची संमती पुरते, तर कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये खाजगी संभाषणासाठी सर्वांची संमती लागते, आणि तेथे ते रेकॉर्डिंग तुमच्यावरच उलटते.

पत्ता, पासवर्ड आणि वकील

घर सोडल्यावर दहा दिवसांच्या आत एआर-११ अर्जाने नवा पत्ता कळवणे बंधनकारक आहे. हे न केल्यास खात्याची नोटीस जुन्या घरी, म्हणजे थेट ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या हातात पडते; आणि उत्तराविना गेलेली नोटीस कोणत्याही तक्रारीपेक्षा लवकर अर्ज बुडवते. यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. नवऱ्याच्या कंपनीने नेमलेला वकील तुमचाही वकील आहे असे धरून त्याला मन मोकळे करून सांगू नये. त्याचे अशील वेगळे आहेत.

तक्रार झाली असावी अशी शंका असेल, तर अंदाज बांधत रात्री जागण्यापेक्षा माहिती अधिकाराच्या एफओआयए अर्जाद्वारे आपली फाइल मागवावी. तक्रारदाराचे नाव काळे केलेले असू शकते, तरी पूर्वीच्या अर्जांत आपण काय लिहिले होते ते त्यातून कळते. अर्ज नाकारण्याचा इरादा कळवणारी नोटीस आली, तर उत्तरासाठी जेमतेम ३० दिवस असतात. तुम्हाला ठाऊक नसलेली प्रतिकूल माहिती आधार म्हणून वापरायची असेल, तर ती तुमच्यापुढे मांडून उत्तराची संधी देणे नियमाने खात्यावर बंधनकारक आहे. ते उत्तर माजी जोडीदाराच्या स्वभावाविषयी पाच पाने लिहून देऊ नये. प्रत्येक आरोपासमोर एक तारीख आणि एक कागद ठेवावा, आणि तो मसुदा राज्याच्या बारच्या (वकिलांच्या परिषदेच्या) संकेतस्थळावर परवाना तपासून निवडलेल्या स्थलांतर वकिलाच्या हातूनच पाठवावा.