रेचा खोलताना या चुका टाळा

दिवाळीनंतर वऱ्हाडातल्या जिनिंगमध्ये रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी मशीनं, दिवसरात्र चालतात. रोलरमध्ये कापूस अडकला आणि तेवढ्यात लाइन गेली, की मुकादम हमखास म्हणतो, "लाइन नाही तं उरकून घ्या न पटकन!" सगळ्यात मोठी चूक हीच. गेलेली लाइन कुणाला विचारून येत नाही. शेतातल्या पंपाला आपण ऑटो स्वीच लावतो ना, रात्री उठायला नको म्हणून? तसा स्वीच मशीनच्या स्टार्टरला असेल, तर लाइन आल्याबरोबर मोटर फिरते.

लाल बटणावरही विसंबू नका. त्यानं फक्त कॉन्टॅक्टर (मोटरला करंट जोडणारा आतला स्वीच) सुटतो, करंट पॅनलमध्ये तसाच असतो. हिरवं बटण दुसरं कुणीही दाबू शकतं. आयसोलेटर, म्हणजे मशीनचा मेन स्वीच, पाडा, त्याच्या दांडीला कुलूप घाला आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मुकादमाकडे नाही, खिळ्यावर तर नाहीच. दोघं काम करत असतील तर कुलपंही दोन. त्यासाठी सहा भोकांची कडी मिळते.

नुसती पाटी म्हणजे कुलूप नव्हे. माझंच सांगतो. आयसोलेटर पाडून मी सुतळीनं पुठ्ठा बांधला होता, "काम चालू आहे". पाळी बदलली, पुठ्ठा गळून खाली रुईत पडला, नव्या हेल्परनं दांडी उचलली. कापूस आत नेणाऱ्या फीडरचा पट्टा वीतभर सरकला. मी घाम पुसायला हात बाहेर काढला होता म्हणून वाचलो. पट्ट्यावर ठेवलेला सतरा नंबरचा पाना आत गेला. आता पाटीवर नाव, वेळ आणि काम लिहितो, आणि ती कुलपालाच बांधतो.

कुलूप लावल्यावर स्टार्ट दाबून बघा, मग स्टॉप. टेस्टर आधी चालू प्लगवर तपासा, नंतर तिन्ही फेजवर लावा. तरीही पेटला तर? एक तर कुलूप भलत्याच आयसोलेटरला लागलं, नाहीतर जनरेटरचा करंट चेंजओव्हरमधून (लाइन-जनरेटर बदलायच्या स्वीचमधून) मागून येतोय. कधी कंट्रोलची वायर शेजारच्या पॅनलमधून आलेली असते. कारण सापडेपर्यंत हात घालू नका.

वीज तोडली तरी जोर शिल्लक राहतो. गाठी दाबणाऱ्या प्रेसचा रॅम (दट्ट्या) खाली आणा किंवा त्याला टेकू द्या. ब्लोअर पूर्ण थांबू द्या. कपॅसिटर पाच मिनिटं सोडा आणि मीटर लावून बघा.

चालू मशीन तपासायचीच वेळ आली, तर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 22 मध्ये काय सांगितलं होतं ते बघा: प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगार, अंगाला घट्ट बसणारे कपडे, रजिस्टरमध्ये नाव. गळ्यातला दुपट्टा आधी काढा.

कुलूप ज्याचं, त्यानंच काढायचं. फिटर चावी घेऊन घरी गेला तर त्याला फोन लावा, मशीनभोवती स्वतः फिरून बघा. कुलूप कापायची करवत त्यानंतर.