ऑटोइम्यून आजारात काढे घेताय? या चुका टाळा

मला आमवात, म्हणजे सांध्यांचा ऑटोइम्यून आजार, होऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत नव्या रुग्णाचा पहिला प्रश्न काही बदललेला नाही: "कोणता काढा घेऊ?" गोळी कधी घ्यायची, रक्त कधी तपासायचं, हे प्रश्न मागाहून येतात, किंवा येतच नाहीत.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'इम्युनिटी वाढवणारा' काढा शोधणं. अहो, आपली प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हा आजार झालेला नाही. ती घरच्यांवरच, म्हणजे आपल्याच शरीरावर, काठी घेऊन धावतेय. तिला आणखी खुराक कशाला? एकिनेशिया ही परदेशी वनस्पती, आपली गुळवेल, ही मंडळी नेमकी या खुराकासाठीच मिरवली जातात.

पोटतिडकीनं सांगतेय, कारण मीही हेच केलं होतं. रोज सकाळी गुळवेलीचं बोटभर कांड ठेचायचं, दोन भांडी पाणी आटवून एक करायचं आणि नाक दाबून प्यायचं. मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं नेहमीचं औषध, चालूच होतं. दोन महिन्यांनी आरशात डोळे पिवळे दिसले. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा रक्तातला आकडा, भरमसाट वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" मी म्हटलं, "काही नाही." खोटं बोलत नव्हते, काढा म्हणजे औषध, हे डोक्यातच नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर नवऱ्यानं सांगून टाकलं. काढा बंद झाला आणि यकृत सावरेपर्यंत मेथोट्रेक्सेटही. मग बोटं अशी सुजली की नळ फिरवता येईना. दोष एकट्या गुळवेलीचा की दोघांचा मिळून, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताच्या त्रासाची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो संबंध नाकारला. वाद त्यांचा त्यांना लखलाभ, मी त्या कांडाला पुन्हा हात लावलेला नाही.

तेव्हापासून एक वही आहे. नवीन काहीही, अगदी चहातली वनस्पतीसुद्धा, तारखेसकट तिच्यात जाते. एका वेळी एकच गोष्ट. पाकिटावरच्या घटकांचा फोटो फोनमध्ये असतो आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत मी तो दाखवते.

दुसरी चूक: श्रेय भलत्यालाच देणं. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. उतावळा माणूस पाचव्या आठवड्यात कंटाळतो, काढा सुरू करतो, आठव्या आठवड्यात बरं वाटतं आणि काढ्याचा जयजयकार होतो. शिवाय हे आजार मुळातच वर-खाली होतात. दुखणं टोकाला गेलं की आपण नवा उपाय धरतो. ते बऱ्याचदा तसंही उतरणारच असतं. इथवर ठीक, पण पुढे लोक गोळी सोडतात. आणि स्टिरॉइड बरेच दिवस चालू असताना एकदम सोडणं तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीरानं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं.

बाकीच्या चुका झटपट. ज्येष्ठमध रोज पिऊ नका. रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असेल तर जास्तच. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा चहा नको, औषधाची रक्तातली पातळी घसरते. ल्युपसवाल्यांनी (तोही ऑटोइम्यून आजारच) अल्फाल्फापासून, म्हणजे लसूणघासापासून, लांब राहावं. थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबरच. चहा-काढा अर्धा ते एक तासानंतर. अश्वगंधेनं थायरॉइडचे आकडे हलू शकतात, तेव्हा डोस ठरत असताना ती मध्ये आणू नका.

हळदीबद्दल रोज विचारतात. तिच्यातला मुख्य घटक कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतो, म्हणून हळदीच्या चहाकडून फारशी आशा नको. मिरीचा अर्क घातलेल्या जोरदार कॅप्सूल मात्र वेगळं प्रकरण; त्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

आणि पानं-फुलं खळाखळा उकळू नका हो! वरून गरम पाणी ओता, झाकण ठेवा, पाच ते दहा मिनिटं थांबा. वास उडून गेला की उरतं काय? उकळायची ती मुळं आणि साली. मी रात्री कॅमोमाइल घेते, तेही रक्त पातळ करायची गोळी चालू नाही म्हणून. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, त्यानं ढिम्म हलत नाही. झोप बरी लागते.