दुसऱ्या वर्षाची खोली: स्वमग्न विद्यार्थ्यासाठी बेळगावात घर शोधताना

बेळगावात खोली दाखवताना मालकीणबाई एक वाक्य हमखास म्हणतात: "अगदी घरच्यासारखं राहा." बाकीच्या पोरांना त्यातून समजायचं ते समजतं. रात्री दहानंतर मित्र आणायचे नाहीत, पाणी येणार नसेल त्या दिवशी बादली जपून वापरायची, चतुर्थीला वर अंडी उकडायची नाहीत, सणाला हाक आली की खाली जाऊन ताट घ्यायचं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला यातलं काहीच समजत नाही, कारण यातलं काहीच कुणी बोललेलं नसतं. दोन महिन्यांनी "पोरगा शिष्ट आहे, सांगितलेलं ऐकत नाही" अशी तक्रार येते आणि भर सेमिस्टरमध्ये खोली सोडावी लागते.

म्हणून या शोधात दोन कामं सगळ्यांत आधी येतात. आवाज, वास आणि उजेड तिथे जाऊन तपासायचा, आणि न बोललेले नियम कागदावर आणायचे. भाडं आणि अंतर त्यानंतर बघा.

आधी वसतिगृहालाच विचारा

पहिल्या वर्षाला हॉस्टेल आणि दुसऱ्या वर्षी "बाहेर बघा", असं बऱ्याच कॉलेजांत चालतं. पण खोली शोधायला निघण्याआधी तीच खोली पुढे चालू ठेवण्यासाठी लेखी अर्ज द्या. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने अपंग विद्यार्थ्याला त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय द्यावी, असं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं. त्या कायद्यातल्या 21 अपंगत्वांत ऑटिझम आहे. 40 टक्के अपंगत्वाची अट आरक्षणाला लागते, वाजवी सोय मागायला नाही. त्यामुळे "तुमचे टक्के कमी आहेत" असं क्लार्कने सांगितलं तर तिथून परत फिरू नका.

अर्जात "सहानुभूतीने विचार व्हावा" एवढंच लिहिलं तर तो फाइलमध्ये पडून राहतो. नेमकं मागा: तीच खोली, किंवा जिना आणि वॉटर कूलरपासून लांबची कोपऱ्यातली खोली, किंवा एकट्याची खोली. सोबत अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं देशपातळीवरचं ओळखपत्र) आणि डॉक्टरांचं एक पानी पत्र जोडा. प्रमाणपत्र देशभर चालतं, म्हणून चंदगड-गडहिंग्लजच्या मुलाने महाराष्ट्रातलं आणलं असेल तरी इथे पुन्हा काढावं लागत नाही. अर्ज फेब्रुवारीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज कुठे जातो ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

उत्तर येईपर्यंत थांबू नका, बाहेरचा शोधही मार्चमध्ये सुरू करा. जूनमध्ये नवी पोरं आली की चांगल्या खोल्या आठवड्यात जातात. मग घाईत ठरवायची वेळ येते, आणि ते या मुलाला सगळ्यांत जड जातं.

कुठे बघायचं

नियम एकच ठेवा: एक बस, मध्ये बदल नाही. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून दुसरी गाडी धरणं म्हणजे गर्दी, भोंगे आणि ऐन वेळी बदललेला फलाट. लेक्चर सुरू व्हायच्या आधीच मुलगा दमलेला असतो. उद्यमबागच्या कॉलेजसाठी अनगोळ, भाग्यनगर, टिळकवाडी बघा, नेहरूनगरसाठी सदाशिवनगरची बाजू, आणि मच्छेच्या व्हीटीयूसाठी (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) पिरनवाडी आणि खानापूर रोड. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा विद्यार्थी असेल तर त्याचा विभाग पुढच्या वर्षी भुतरामहट्टीतच आहे की हिरेबागेवाडीच्या आवारात, हे विभागात विचारूनच खोली बघा, कारण या दोन जागांच्या दिशा वेगळ्या आहेत. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेचा मोफत बसप्रवास तिथल्याच रहिवासी महिलांना आहे. चंदगडची मुलगी असेल तर बसपासचा खर्च हिशोबात धरा.

उद्यमबाग आणि मच्छे हे कारखान्यांचे भाग आहेत. खोली कारखान्याला लागून असेल तर शिफ्टचा भोंगा आणि फाउंड्रीचा वास भाड्यासोबतच येतो.

"मने बाडिगेगे इदे" (घर भाड्याने आहे) असं फक्त कन्नडमध्ये लिहिलेली पाटी दिसली तर ती सोडून पुढे जाऊ नका. एजंटकडे न गेलेली घरं तिथेच मिळतात.

तिघांच्या खोलीतली कॉट स्वस्त पडते, पण या मुलासाठी आम्ही ती सुचवणार नाही. न विचारता लागलेला दिवा, स्पीकरवरचा फोन, सकाळी एका बाथरूमसमोर चौघं, हे दिवसभर चालू राहतं. सगळ्यांत बरी पडते ती मालकाच्या घरावरची, बाहेरून वेगळा जिना आणि आतच बाथरूम असलेली एकट्याची खोली. त्याखालोखाल, वर्षभर ओळख असलेल्या एका मित्राबरोबर दोन खोल्यांचा फ्लॅट. नातेवाइकांकडे राहायची सूचना येतेच. तिथे भाडं नसतं, पण दार लावून बसायची मुभाही नसते.

खोली तीनदा बघा

एकदा कामाच्या दिवशी पहाटे साडेपाच ते सात, एकदा रात्री आठ ते दहा, एकदा रविवारी दुपारी. पहाटे बोअरची मोटर, देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा, दूधवाला आणि शेजारचा मिक्सर कळतो. रात्री टीव्ही, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या आणि कुत्री. रविवारी मासे-मटणाचा वास, पाहुणे आणि गल्लीतलं क्रिकेट. दुपारी चार वाजता सगळ्याच खोल्या शांत असतात आणि एजंट नेमका तेव्हाच नेतो.

दरवेळी मुलाने आत वीस मिनिटं बसावं, मोबाइल खिशात ठेवून. तुम्ही बाहेर मालकांशी बोलत राहा. आत बसून त्याने हे बघायचं:

ट्यूब लावा. जुन्या ट्यूबचा चोक गुणगुणतो. आपल्याला ऐकूसुद्धा येत नाही, त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. 20 वॉटची एलईडी पट्टी लावली की हे थांबतं. मात्र हलकी एलईडी लुकलुकते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये तिच्या उजेडाचा व्हिडिओ काढा. काळे पट्टे सरकताना दिसले तर ती नको.

पंखा एक ते पाच सगळ्या नंबरांवर फिरवा. फक्त मधल्या नंबरांवर घूं आवाज येत असेल तर पंख्यापेक्षा रेग्युलेटरवर संशय घ्या. गोल फिरवून हळूहळू वेग बदलणारे स्वस्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसा आवाज करतात. कपॅसिटरचा स्टेप टाइप बसवला की पंखा शांत होतो. काढलेला चोक आणि रेग्युलेटर पिशवीत घालून मालकांकडे द्या, खोली सोडताना डिपॉझिटवरून वाद होत नाही.

इन्व्हर्टर आहे का, आणि असेल तर साइन वेव्हचा आहे का? स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर लाईट गेली की घरातला प्रत्येक पंखा भुणभुणतो. पावसाळ्यात बेळगावात लाईट किती जाते ते वेगळं सांगायला नको.

कपाट उघडा. डांबरगोळ्यांचा वास महिनोन्महिने जात नाही. पलंगामागच्या भिंतीला हात लावा. ओल असेल तर जुलैत बुरशी येणारच.

मान वर करून छप्पर बघा. गच्चीवर पत्रे घालून काढलेल्या खोल्या शहरभर आहेत आणि त्या स्वस्त असतात. मार्चमध्ये तिथे चिडीचूप वाटतं. जूनमध्ये आपला पाऊस त्या पत्र्यावर सुरू झाला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि हे सप्टेंबरपर्यंत चालतं. कान झाकून बसलेला मुलगा अभ्यास करत नाही, झोपतही नाही. स्लॅब किंवा मंगळुरी कौलं असतील तर ठीक. पत्रे असतील तर बाकी सगळं जमत असूनही नाही म्हणा.

टिळकवाडीत रेल्वे गेटजवळची खोली असेल तर गाडीची शिटी रात्री किती वेळा होते ते शेजाऱ्यांना विचारा, मालकांना नको.

वर्षातले काही दिवस आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेवा: वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन, एक नोव्हेंबरचा कन्नड राज्योत्सव. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी असली तरी सणासाठी वर्षात 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुकीच्या वाटेवर खोली असेल तर विसर्जनाच्या आदल्या दिवशीच मुलाने गावी जावं. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला अधिवेशन असतं तेव्हा रस्ते वळवतात, मोर्चे निघतात. कॉलेजला जायचा दुसरा रस्ता त्याला आधीच एकदा चालवून ठेवा.

घरच्यासारखं म्हणजे काय, ते लिहून घ्या

खोली पसंत पडली की पैसे देण्याआधी मालकीणबाईंसमोर बसून एक पान लिहा. विचारायचं ते सरळ विचारा: "काकू, तुम्हाला कशाचा त्रास होतो ते आत्ताच सांगा, म्हणजे तो ते पाळेल." बहुतेक जणी सुरुवातीला "छे, कशाचाच नाही" म्हणतात. मग एकेक विषय काढा: पाहुणे, गेट, पाणी, चप्पल, कपडे वाळत घालणं, मांसाहार, कचरा. पान साधारण असं होतं:

"गेटला रात्री साडेदहाला कुलूप. उशीर होणार असेल तर नऊच्या आत काकांना व्हॉट्सॲप. नळाचं पाणी येणार त्या दिवशी काकू मेसेज करतील, त्या दिवशीच कपडे धुवायचे. मित्र रविवारी दहा ते सहा, एका वेळी दोघं. ओला कचरा रोज सकाळी साडेसहाला खाली. भाडं पाच तारखेला, फोन पेने. काका-काकू खोलीत यायचं असेल तर आदल्या दिवशी मेसेज करतील. पाइप फुटणं, आग, शॉर्टसर्किट असेल तरच न सांगता. सणाचं ताट जिन्यावरच्या स्टुलावर ठेवतील, हाक मारणार नाहीत."

शेवटची तीन वाक्यं सगळ्यांत महत्त्वाची. टाकी बघायला म्हणून अचानक दार ढकलून आत येणं मालकांना किरकोळ वाटतं. या मुलाचा मात्र त्याने अख्खा दिवस जातो. पान दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, फोटो दोघांच्या मोबाइलवर ठेवा. मालक कन्नड बोलणारे असतील तर तेच पान कन्नडमध्येही हवं. ते मित्राकडून लिहून घ्या, भाषांतराच्या ॲपवर सोडू नका.

ऑटिझम हा शब्द सांगायचा की नाही, हे मुलगा ठरवेल. तो सज्ञान आहे. नाव न घेताही काम होतं: "मला अचानक आवाजाचा त्रास होतो. बोलताना मी डोळ्यांत बघत नाही, पण ऐकत असतो. काही सांगायचं असेल तर मेसेज करा." ही तीन वाक्यं त्याने स्वतः पाठवली तर वर्षभर पुरतात. आईवडिलांनी मात्र मालकांना बाजूला घेऊन कुजबुजत "जरा सांभाळून घ्या हो" म्हणू नये. त्याने दया येते, नियम स्पष्ट होत नाहीत.

करार

अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे. ई-स्टॅम्प कागदावर करा. कन्नड किंवा इंग्रजी मजकूर सहीआधी मुलाला वाक्यावाक्याने समजावा, कारण तो त्यातला शब्दन् शब्द खरा धरतो. "पाहुण्यांना मनाई" असं छापलेलं असेल तर तो आईलाही आत घेणार नाही. डिपॉझिट परत किती दिवसांत, रंगकामाचे किती कापणार आणि सोडायची नोटीस किती, हे तीन आकडे करारात हवेतच. राहायला येताना मीटरचा आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा.

राहायला जाताना

शक्य असेल तर भाडं दहा दिवस आधीपासून सुरू करा. ते पैसे वाया जात नाहीत. पहिल्या दिवशी नुसतं सामान, दुसऱ्या दिवशी दोन तास अभ्यास, मग एक रात्र, मग घरी परत. जुनी चादर आणि उशी न धुता आणा, वास ओळखीचा राहतो. त्याच्याच वेळेच्या बसने कॉलेजपर्यंत तीनदा जाऊन या, त्यातली एक खेप पावसात.

जेवणाची अडचण रविवारी रात्री येते. बऱ्याच मेस तेव्हा बंद असतात, आणि पर्याय ठरलेला नसेल तर हा मुलगा उपाशी झोपतो. कुणाला सांगतही नाही. रविवारचं जेवण आधी ठरवा: दहीभात, ब्रेड, ठरलेल्या हॉटेलातला ठरलेला एक पदार्थ. डब्यात काही कच्चे शेंगदाणे आणि चुरमुरे कायम असू द्या.

फोनची वेळ रोज एकच ठेवा आणि "कसा आहेस?" विचारू नका. उत्तर "बरा आहे" असंच येतं. मोजता येईल ते विचारा: आज किती वेळा जेवलास, काल किती वाजता झोपलास, किती लेक्चर चुकली. आंघोळ थांबली, कचरा साठला, दिवसभर खिडकी बंद, यातलं काहीही दोन-तीन दिवस सलग दिसलं तर पुढच्या शनिवारची वाट न बघता जा. पंधरा मिनिटांत पोहोचेल असा एक माणूस बेळगावात हवाच, त्याच्याकडे दुसरी किल्ली असावी आणि ते मुलाला माहीत असावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर दारावरच्या त्याच पानाच्या तळाशी लिहा.

कराराच्या नवव्या महिन्यात मालकांना मेसेज करून विचारा: पुढचं वर्ष ठेवणार का, भाडं किती. तोंडी "बघू की" वर थांबू नका, तारीख मागा. नकार यायचा असेल तर तो मार्चमध्ये आलेला बरा, कारण पत्र्याखालची नसलेली खोली तेव्हाच मिळते.