खानदेशच्या उन्हात गावाचे कृष्णधवल फोटो कसे काढावेत

कॅमेरा कोणता, लेन्स कोणती यावर इथे वेळ घालवत नाही. जे आहे ते चालतं. दोन सेटिंग मात्र आधी करून घ्या. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या प्रकारात साठवा आणि मागचा पडदा मोनोक्रोमवर ठेवा. मग काढताना नुसत्या छटा दिसतात आणि मूळ रंगही फाइलमध्ये शाबूत राहतात. "रंगीत काढ, बरा नाही आला तर ब्लॅक अँड व्हाइट कर" हा सल्ला ऐकू नका. असा वाचवलेला फोटो लगेच ओळखू येतो.

हंगाम कामावरून ठरवा. कपाशीची वेचणी दिवाळीच्या आसपास रंगात येते, तेव्हा सूर्य कललेला असतो आणि उजेड बाजूने मिळतो. रावेर-यावलकडे केळीची कापणी बघा. घड वाहणाऱ्यांच्या कपड्यांवर चिकाचे काळे डाग पडलेले असतात आणि कृष्णधवलमध्ये ते फार बोलके दिसतात. घरात खापरावर मांडे होत असतील किंवा अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली जात असतील तर तिथे थांबा. मे महिन्यात सकाळी नऊनंतर कॅमेरा पिशवीत ठेवलेला बरा.

आधी राम राम करा, बसा, चहा येईल तो घ्या. "आप्पा, तुमचं चालू द्या, मी इथंच बसतो" एवढं पुरतं. बाया काम करत असतील तर घरातल्या मोठ्या मायला विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका.

आता खरी अडचण. पांढरं धोतर, पांढरी टोपी, उन्हात रापलेला चेहरा आणि मागे काळी जमीन, हे सगळं एकाच चौकटीत येतं. हे जमवायला मला सर्वांत जास्त काळ लागला आणि याच बाबतीत सर्वांत वाईट सल्ले मिळतात.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोर जे असेल त्याला मध्यम राखाडी समजतं. पारावर पाच-सहा म्हातारी माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली असली की मीटरला वाटतं उजेड फार झाला. ते एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करतं आणि चेहरे कोळशासारखे होतात. तोच माणूस नांगरलेल्या शेतात लांब उभा असला की उलटं घडतं. चौकट काळ्या मातीने भरलेली असते, मीटर जास्त उजेड घेतं आणि धोतराची वीण पार पुसली जाते. म्हणून पारावर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या, आणि शेतात एक स्टॉप कमी करा, म्हणजे निम्मा घ्या. सुरुवातीला एवढ्यानेच बराच फरक पडेल.

पण खरा उपाय म्हणजे स्पॉट मीटर (चौकटीतल्या एका छोट्या भागाचाच उजेड मोजणारं) आणि मॅन्युअल मोड (एक्स्पोजर आपण स्वतः ठरवायचं). मीटर चेहऱ्यावर धरा. आपल्याकडचा सावळा वर्ण मध्यम राखाडीच्या आसपासच असतो, त्यामुळे मिळालेला आकडा बहुतेक वेळा तसाच चालतो. फार रापलेला चेहरा असेल तर त्यातून अर्धा ते एक स्टॉप कमी करा. नाहीतर माणूस आहे त्यापेक्षा उजळ दिसतो आणि ते खोटं आहे. याच उजेडातलं पांढरं कापड मध्यम राखाडीपेक्षा दोन-अडीच स्टॉप वर असतं. तेवढं रॉ फाइल आरामात सांभाळते.

मात्र चेहरा आणि कापड एकाच उजेडात असायला हवं. टोपी उन्हात आणि चेहरा सावलीत असेल तर त्यात आणखी तीन-चार स्टॉपची भर पडते. मग कुठलाही आकडा कामाचा नाही. दुपारी भुवयांखाली खड्डे पडतात, पुढे ओढलेल्या पदराखाली तर चेहरा दिसतच नाही. काळी जमीन उजेड परत देत नाही, म्हणून शेतातली सावली जास्त गडद असते. गावठाणात पांढऱ्या मातीचं अंगण किंवा चुन्याची भिंत खालून-बाजूने उजेड देते. माझं ठाम मत आहे की चेहऱ्यांचे फोटो गावात, ओट्यावर किंवा निंबाच्या सावलीत काढावेत आणि शेतात माणूस लांबून, त्याच्या हालचालीसह घ्यावा. "सावल्या नंतर सॉफ्टवेअरमध्ये उचला" म्हणणाऱ्यांनी तसा उचललेला चेहरा मोठ्या प्रिंटवर एकदा बघावा. दाणे, डाग आणि मेलेली त्वचा दिसते.

सॉफ्टवेअरमध्ये रंगातून कृष्णधवल करताना प्रत्येक रंगाची छटा उजळ-गडद करणारी सरकपट्टी, म्हणजे स्लायडर, असतो. त्यांत सर्वांत जपून हलवायचा तो नारिंगी स्लायडर. त्वचेचा रंग मुख्यतः त्यातच असतो. तो थोडा वर नेला की चेहरा उजळतो, पण काळी माती आणि पांढरं धोतर जवळजवळ जागचं हलत नाही, कारण त्यांत रंगच फारसा नसतो. मागे विटांची भिंत असेल तर ती चेहऱ्याबरोबर उजळते, तिथे हात आवरा. केळीची पानं हिरव्यापेक्षा पिवळ्या स्लायडरला जास्त जुमानतात. लाल लुगडं आणि हिरवी कपाशी एकाच राखाडीत मिसळली तर लाल आणि पिवळा विरुद्ध दिशांना सरकवा. आभाळ काळं करण्यासाठी निळा फार ओढू नका, झाडांच्या कडेने पांढरी रेघ उमटते.

कॉन्ट्रास्ट वाढवून सुरकुत्या कोरण्याची फॅशन आहे. त्याने हसतं-खेळतं माणूस दुःखी दिसू लागतं. त्या दिवशी आप्पा मजेत असतील तर फोटोतही ते मजेतच दिसायला हवेत.

प्रिंट मॅट कागदावर घ्या. रंगीत कागदावर कृष्णधवल छापताना हिरवट किंवा गुलाबी झाक येते, म्हणून लॅबकडून आधी एक छोटी चाचणी प्रत मागा आणि ती दिवसाच्या उजेडात बघा. एक प्रत फोटोतल्या घरी द्यायची असते, त्यामुळे ऑर्डर देतानाच दोन सांगा.