सेकंडहँड गाडीचं स्टिअरिंग थरथरतंय? या चुका टाळा

घोडबंदर रोडवर दोन पावसाळे काढलेली गाडी घेताना आपण रंग बघतो, एसी बघतो. पुढची चाकं हलवून कुणी बघत नाही. मीही बघितली नव्हती. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं, गॅरेजवाल्याने अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून दिले. महिन्याभरात थरथर परत. दुसऱ्यांदा अलाइनमेंट केलं, तरी तेच. खरं तर डावा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, गेला होता. सांध्यात खेळ, म्हणजे ढिलेपणा, असताना अलाइनमेंट टिकतच नाही, पैसे मात्र जातात.

थरथर नेमकी कधी येते, हे आधी बघा. 80 ते 100च्या वेगात येते आणि त्याच्या खाली-वर कमी होते? मग बॅलन्सिंग बिघडलंय, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही, किंवा खड्ड्यात रिम वाकलीय. पावसाळ्यात रिमच्या आत सुकलेला चिखलही पुरतो, तो आधी धुऊन काढा. फक्त ब्रेक मारल्यावर येते? ब्रेकची डिस्क बघा. कमी वेगात खड्ड्यातून जाताना टकटक वाजतं? बहुतेक लिंक रॉड (सस्पेन्शनचा छोटा जोडदांडा), नाहीतर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा, बुश (रबरी सांधा). सोसायटीभोवती एक फेरी मारून यातलं निम्मं कळत नाही. कळंबोलीहून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लागा, सपाट भागात 100ची मर्यादा आहे, तेवढ्यात गाडी बोलते.

मग चाक उचला. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड लावाच. चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. खेळ जाणवला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (त्याच दांड्याचा आतला सांधा). सांध्यावर बोट ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगा, बोटाखाली टक्क लागतं. सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटून वाळू मिसळलेलं काळं ग्रीस बाहेर आलं असेल, तर तो सांधा गेलाच समजा. आता वर-खाली धरून हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ थांबला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाला जोडणारा गोल सांधा). बॉल जॉइंट ढिला असेल तर गाडी चालवत घरी नेऊ नका. तो निखळला की चाक आडवं होतं.

नवा लोअर आर्म टाकताना एक चूक फार होते: गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच बुशचे बोल्ट पक्के आवळतात. गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचा आवळ गाडीचं वजन चाकांवर आल्यावर द्यायला सांगा, स्वतः उभं राहून. अलाइनमेंट त्यानंतर.