रेडिओग्राफीला येताय? आधी केव्ही आणि एमएएसमधला फरक पक्का करा

बारावी सायन्स झाली, नीटमध्ये नंबर लागला नाही आणि आता एक्स-रेचा कोर्स करायचा म्हणून मिरजेला येणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. मिरज दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी इथं १८९४ साली रुग्णालय सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी तिकडे जर्मनीत रोंटगेनला एक्स-रे सापडले. शिकायला पेशंट इथं भरपूर मिळतात. फिजिक्स मात्र कुणी आयतं हातात ठेवत नाही.

विद्युतचुंबकीय तरंगांचा धडा तुम्ही केलाय, तो परत सांगत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की सांगली आकाशवाणीचे १२५१ किलोहर्ट्झचे तरंग आणि आपल्या ट्यूबमधून निघणारे एक्स-रे एकाच जातीचे. निर्वातात दोघांचाही वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. पण त्या रेडिओतरंगाची लांबी जवळपास २४० मीटर आणि ६० केव्हीवरच्या (केव्ही म्हणजे ट्यूबवरचा किलोव्होल्टमधला विद्युतदाब) एक्स-रेची कमीत कमी तरंगलांबी ०.०२ नॅनोमीटर. वारंवारता वाढली की एकेका फोटॉनची, म्हणजे किरणातल्या ऊर्जेच्या एकेका कणाची, ऊर्जा वाढते. पुढचं सगळं काम यावरच चालतं.

आता खरी अडचण. पॅनेलवर केव्ही आणि एमएएस असे दोन आकडे असतात. कुठलाही वाढवला तरी फिल्म काळी होते, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. एकच नाहीत! हे डोक्यात उतरेपर्यंत मी रडकुंडीला आले होते, म्हणून सावकाश सांगते. एमएएस म्हणजे ट्यूबमधला प्रवाह (मिलिअँपिअर, एमए) गुणिले सेकंद, थोडक्यात फोटॉन किती सोडायचे. २०० एमए आणि ०.१ सेकंद म्हणजे २० एमएएस. ते ४० केलं की फोटॉन दुप्पट झाले, पण एकेकाचा जोर आहे तेवढाच. केव्ही वाढवलं की संख्या तर वाढतेच, शिवाय जोर वाढतो, तरंगलांबी कमी होते आणि किरण शरीरातून पार जातात. जाड माणसाच्या कमरेचा एक्स-रे पांढरा आला की नवा मुलगा एमएएस चढवत सुटतो. अशा वेळी शंभरातले जेवढे फोटॉन अंगात अडकत होते तेवढेच अडकतात, फक्त आता दुप्पट फोटॉनांपैकी. तो सगळा डोस पेशंटचा. त्याऐवजी केव्ही साधारण १५ टक्के वाढवा, म्हणजे ८० चे ९२ करा. डिटेक्टरवर एमएएस दुप्पट केल्याइतकाच परिणाम मिळतो. कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो, म्हणून हाताच्या बोटांना हा उपाय लावू नका.

डीआर (डिजिटल रेडिओग्राफी) मशीनवर तर जास्तच सांभाळा. पूर्वी एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळीठिक्कर पडायची, चूक लगेच दिसायची. आता कॉम्प्युटर चित्र सुधारून दाखवतो. कमी एक्सपोजरला चित्र दाणेदार येतं, जास्तीला गुळगुळीत, म्हणून हात आपोआप वर सरकत जातो. चित्र छान आलं एवढ्यावर खूश होऊ नका, स्क्रीनवरचा एक्सपोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले ते सांगणारा आकडा, बघा.

भिंतीवरचा एक्सपोजर चार्ट (कुठल्या भागाला किती केव्ही-एमएएस) पाठ करणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. मशीन बदललं की तो चार्ट कुचकामी. ‘हाच आकडा का’ हे समजावून सांगणारे एखादे सर किंवा मॅडम मिळाले तर त्यांची ड्युटी असेल तेव्हा आपली लावून घ्या, नाईट असली तरी.

घरचे घाबरतील. त्यांना सांगा, स्विच सोडला की खोलीत एक्स-रे उरत नाहीत. दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही तसंच. नोकरीतली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (किरणांच्या डोसाचं माप) आहे. नियम पाळणारा माणूस सहसा त्याच्या खूपच खाली राहतो. टीएलडी बॅज (आपल्याला मिळालेला डोस मोजणारा) छातीवर, लेड म्हणजे शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा. लेड ॲप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नका, आत चिरा पडतात आणि बाहेरून कळतही नाहीत. तो पेशंटवरून विखुरणाऱ्या किरणांसाठी आहे, थेट झोतात उभं राहण्यासाठी नाही. वॉर्डात पोर्टेबल मशीननं एक्स-रे काढताना वायर पुरेल तितकं मागे सरका. एका मीटरचे दोन मीटर झाले की डोस साधारण चौथाईवर येतो.

मोबाईल टॉवरचा प्रश्नही येईलच. १८०० मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या लाखाव्या भागाहूनही कमी. अणूतला इलेक्ट्रॉन तोडणं त्याच्या आवाक्यात नाही, टॉवर कितीही मोठा असो. इथंही संख्या वेगळी आणि जोर वेगळा.

सोनोग्राफी विद्युतचुंबकीय तरंगांच्या कुटुंबातली नाही, तो ध्वनी आहे. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात. एमआरआयमध्ये १.५ टेस्लाच्या मशीनवर सुमारे ६४ मेगाहर्ट्झचे रेडिओतरंग वापरतात, त्यांनी आयनीकरण होत नाही. पण चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन चालू नसतानाही. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर घेऊन कुणीही आत निघालं, मग ते कितीही मोठे डॉक्टर असोत, दारातच अडवा.

आणि प्रवेश घेण्याआधी सीटी-एमआरआयवर विद्यार्थ्यांना खरंच हात लावू देतात का, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. ऑफिसात विचारून उपयोग नाही.